बाळगोंडाचा उंदरांचा रॅक

बाळगोंडा चौगुले रस्त्यानं चालतो तो खाली बघत. शाळेत मास्तरांना वाटायचं, पोरगं लाजाळू आहे. लाजाळू कसलं, तो मुंग्या चुकवत असायचा. पलूसच्या शाळेत आम्ही दोघं एका बाकावर बसायचो. तेव्हापासून मी त्याला चिडवतोय आणि तेव्हापासून तो मुंग्यांना वळसा घालून जातोय. मी फौजेत गेलो, सुभेदार होऊन परत आलो, गुडघे गेले, केस गेले, पण याचा वळसा काही गेला नाही.

धंदा म्हणाल तर बेदाण्याचे रॅक बांधून देण्याचा. आमच्याकडं द्राक्षं सुकवायला शेड असते, तिच्यात लोखंडी अँगल उभे करून एकावर एक जाळीचे थर ताणतात. जाळी कुठं ढिली नको, वारा कुठं अडायला नको. बाळगोंडाच्या रॅकवरचा बेदाणा काळा पडत नाही, असं बागायतदार सांगतात. मीही सांगतो, कारण दरवर्षी त्याच्याकडून फुकट खातो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बाळगोंडा जैन. भाद्रपदात त्यांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी जैन मंडळी एकमेकांकडं जाऊन हात जोडतात आणि ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर माफी मागायची. बाळगोंडा माझ्याकडंही येतो. मी दारातच अडवतो. “आधी गुन्हा सांग गड्या, मग माफीचं बघू.” तो हसतो, चहा पितो आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून घाईनं घरी जातो. मला वाटायचं, या माणसाकडं माफी मागण्यासारखं आहे तरी काय? उगाच रीत म्हणून हात जोडतोय झालं.

माझी लेक शिवांजली जनावरांची डॉक्टर. तिनं वनखात्याची परवानगी काढून आमच्या जुन्या गोठ्यात जखमी सापांसाठी केंद्र काढलंय. ऊसतोडीत कोयता लागलेले, यंत्राखाली आलेले, द्राक्षबागेच्या जाळीत गुरफटलेले असे साप लोक तिच्याकडं आणतात. बरे झाले की ती सोडून देते. घरात बाप सुभेदार, पण हुकूम तिचा चालतो.

मार्गशीर्षात एके दिवशी बाळगोंडाचा फोन आला. त्याच्या शेडमागं नायलॉन जाळीची जुनी गुंडाळी पडली होती. तिच्यात चांगली लांबसडक धामण अडकली होती. सुटायची धडपड करून करून दोरा अंगात रुतलेला. शिवांजलीनं कात्रीनं एकेक दोरा कापला, तेवढा वेळ बाळगोंडा बाजूला उकिडवा बसून होता. नंतर उठला आणि राहिलेली सगळी जाळी घरात नेऊन कडी लावली.

“नाथा, जाळी माजीच रं,” एवढंच म्हणाला.

धामण जगेल की नाही, सांगता येत नव्हतं. बाळगोंडा रोज सकाळी बस्तीतून, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातून, दर्शन करून निघाला की थेट आमच्याकडं यायचा. गोठ्याच्या दारातून विचारायचा, “हाय का?” शिवांजली म्हणायची, “आहे काका.” मग तो कामाला जायचा.

जखम भरत होती, पण जनावर खंगत होतं. धामणीचं खाणं म्हणजे उंदीर. पुण्याहून मागवलेले उंदीर वाटेतच निम्मे मरायचे. शेतातले धरावेत तर त्यांनी कुठं विषाच्या गोळ्या खाल्ल्या असतील, कोण सांगणार? शेवटी शिवांजलीनं पांढरे उंदीर आणून इथंच वाढवायचं ठरवलं. त्यांना ठेवायला रॅक पाहिजे. तयार रॅक मिळतात, पण ते परदेशी, आपल्या आवाक्याबाहेरचे. मी म्हटलं, रॅकच पाहिजे ना, आपला दोस्त रॅकवालाच आहे की!

तिनं त्याला काहीही न लपवता सांगितलं. उंदीर कशासाठी, किती वाढवायचे, त्यांचं पुढं काय होणार, सगळं. बाळगोंडानं ऐकून घेतलं.

“पोरी, तू चांगलं काम करतीस. पर वाढवायचं आन् मरायला द्यायचं, त्यात माजा हात नगं.”

मी भडकलो. माझा स्वभावच तो. “आरं, मग तुज्या जाळीतली धामण मरू दे व्हय?” त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, चपला घातल्या आणि चालता झाला.

पण सकाळची फेरी त्यानं सोडली नाही. आता दारातून धामणीबरोबर उंदीरही दिसायचे. शिवांजलीनं द्राक्षाच्या क्रेटमध्ये कसेबसे ठेवले होते. क्रेटला भोकं, त्यामुळं कुरतडून बाहेर येणारे बाहेर आणि आतले एकमेकांच्या अंगावर. खालचा भुसा ओला, वास डोळ्यात झोंबणारा. एका सकाळी बाळगोंडा “हाय का?” विचारायचंच विसरला. आत येऊन क्रेटसमोर उभा राहिला. एका उंदराचे डोळे लाल होऊन चिकटले होते.

“ह्यांना असं ठेवत्यात व्हय?” त्यानं विचारलं.

“नाही ठेवत काका,” शिवांजली म्हणाली. “पण मला येतं ते एवढंच.”

दुसऱ्या दिवशी तो मापाची टेप घेऊन आला. म्हणाला, “त्यांचं मरण माज्या हातात न्हाई. जगत्यात तवर तरी नीट जगू देत.” अट एकच, सापासाठी उंदीर उचलायचा तर त्याच्या माघारी. घरी त्याच्या बायकोला, गुणमालावहिनींना, हे कळलं तेव्हा त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्याच्या आंघोळीचं पाणी परसात, चुलीवर तापायला लागलं. उंदरांच्या गोठ्यातून आलं की आधी आंघोळ, मग घरात पाय.

रॅक असा देखणा झाला की बघत राहावं. अँगल गुण्या लावून काटकोनात, थर एका पातळीत, उंदराचा दात चालणार नाही अशी तारेची जाळी खाली, वर, चारी बाजूंना. घाण खालच्या पत्र्यावर पडायची, वास म्हणून राहिला नाही. शिवांजली म्हणाली होती, हवा खेळती पाहिजे. बाळगोंडाला आयुष्यभर हवाच तर खेळवता येत होती! त्यानं गोठ्याची पश्चिमेची खिडकी मोठी केली आणि रॅक बरोबर वाऱ्याच्या तोंडाला उभा केला, शेडमध्ये करतो तसा. उंदरांचे डोळे निवळले. तोही खुश, आम्हीही खुश.

पौषात पहिल्या माद्या व्याल्या. उंदराची पिल्लं जन्मतात ती उघडी, गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. उसाला पाणी दिलेलं असलं की आमच्याकडं पहाटे असा गारठा पडतो की तोंडातून वाफ निघते. त्या सकाळी बाळगोंडा आमच्या आधी गोठ्यात पोचला होता. आम्ही गेलो तर तो खाली बसलेला, पुढ्यात रुमाल आणि रुमालात पिल्लं. सगळी गेली होती. जाळीतून खालून वारा, खिडकीतून समोरून वारा. बेदाणा ज्या वाऱ्यात वाळतो त्याच वाऱ्यात ती वाळून गेली होती.

शिवांजली त्याच्याशेजारी बसली. “काका, चूक माझीही आहे,” ती म्हणाली. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. गोठ्यामागं खड्डा करून रुमालासकट सगळी पुरली आणि निघून गेला. तो उपास धरून बसलाय असं कानावर आलं. संक्रांत होऊन गेली, तिळगूळ द्यायलाही आला नाही. धामण होती, पण विचारायला कुणी येत नव्हतं.

शेवटी मीच गेलो. बाळगोंडा अंगणात बसला होता, दाढी वाढलेली. मी नेहमीसारखा आवाज चढवला. “रुसून बसायला तू काय नवरी हायस? चल, दुरुस्त कर ती भानगड!”

“नाथा,” तो हळू बोलला, “सापाला दिली असती तर कुनाच्या तरी पोटात गेली असती रं. ही कुनाच्याच पोटात गेली न्हाईत. आईपाशी असून मेली. आन् मारली कुनी? जो म्हनत हुता माजा हात नगं, त्यानं.”

मी लढाईचं मैदान बघितलंय. बर्फात माणसं उचललीत. पण चढवलेला आवाज खाली घेऊन मी त्याच्याशेजारी टेकलो. माणूस उंदरासाठी एवढा झुरतो, याची चेष्टा करावी असं त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं नाही.

एवढ्यात आतून गुणमालावहिनींचा आवाज आला. इतके दिवस दाबून धरलेला असावा, कारण आला तो कडाडूनच.

“बाळंतिणीची खोली वाऱ्याच्या तोंडाला करत्यात व्हय कुटं?”

आम्ही दोघांनी वळून बघितलं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

“आपल्या पोरीला बाळंतपनाला आनली तवा खिडकीला घोंगडं कुनी लावलं हुतं? तुमीच न्हवं? माजघरातली उबदार बाजू बघून बाज कुनी टाकली? मग तवा कळत हुतं, आन् आताच कसं कळंना?” त्या आत गेल्या, एक गाठोडं घेऊन आल्या आणि त्याच्या पुढ्यात टाकलं. जुनी सुती लुगडी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. आमच्याकडं तान्ह्या बाळाची दुपटी असल्याच लुगड्यांची करतात. “पुढं त्यांचं काय करायचं ते ज्याचं कर्म त्याला. गारठून मारायचं कर्म आपलं नगं.”

बाळगोंडा उठला. आधी दाढी केली, मग गोठ्यात आला.

देखणा रॅक त्यानं स्वतःच्या हातांनी उसवला. नवीन केला तो बघायला साधा, पण आजवर त्यातलं एक पिल्लू गारठलेलं नाही. जाळीच्या थरांच्या जागी गुळगुळीत प्लॅस्टिकचे टब, टेबलाच्या खणासारखे आत-बाहेर सरकणारे. टबाला बूड भरीव, बाजू भरीव. टब आत सरकवला की वर ताणलेली तारेची जाळी हेच त्याचं झाकण, त्यामुळं हवा येते ती वरून, मंद. प्यायच्या पाण्याला ठिबकची नळी फिरवली आणि तिला कोंबड्यांच्या शेडमधली निपलं बसवली. उंदीर तोंड लावतो तेवढंच पाणी येतं, भुसा कोरडा राहतो. खालचे खण माद्यांचे. तिथं अंधार, भिंतीची ऊब आणि लुगड्याच्या चिंध्या. पश्चिमेची खिडकी त्यानं स्वतःच विटा लावून बुजवली. मादी व्याली की तो खणावर खडूनं फुली मारायचा. ती फुली असेपर्यंत शिवांजलीनंही त्या खणाला हात लावायचा नाही.

आणि काय सांगू, माद्या चिंध्यांचं असं गुबगुबीत घरटं करायच्या की बाळगोंडा मला ओढत नेऊन फटीतून दाखवायचा. नातवंडं दाखवावीत तसा.

धामण खायला लागली. अंगावर मांस धरलं, कात टाकली, नवं अंग निघालं. ज्येष्ठात शिवांजलीनं तिला सोडायचं ठरवलं तेव्हा बाळगोंडा स्वतः पिशवी धरून आला. त्याच्या शेडमागच्या ओढ्याकाठी सोडली. धामण क्षणभर थांबली आणि गवतात शिरली. तो ती गेली त्या दिशेला बराच वेळ बघत होता.

मी म्हटलं, “झालं गड्या. फिटलं तुजं.”

“तिचं फिटलं,” तो म्हणाला.

बाकी कुणाचं राहिलंय, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, आता याचं येणं बंद होईल. पण तो येतच राहिला. खण धुवायचा, निपलं तपासायचा, फुल्या मारायचा. अधूनमधून येऊन बघायचा तर एखादा खण केंद्रातल्या दुसऱ्या सापांसाठी रिकामा झालेला असायचा. तेव्हा तो खण धुऊन उन्हात पालथा घालायचा. मी दुरून बघायचो. मला माझ्या या दोस्ताचा अभिमान वाटायचा आणि त्याच्यासाठी काळीजही तुटायचं. आम्ही फौजी माणसं एकदा ठरवलं की मागं बघत नाही. हा रोज मागं बघत होता आणि तरीही काम करत होता.

भाद्रपद आला. अनंत चतुर्दशी झाली, गणपती गेले आणि क्षमावाणीच्या दिवशी सकाळी बाळगोंडा आला. पांढरं धोतर, डोक्याला टोपी. मागं गुणमालावहिनी. आमच्या गोठ्याकडं त्या कधीच फिरकल्या नव्हत्या. मी सवयीनं दारात उभा राहिलो. “आधी गुन्हा सांग,” म्हणायला तोंड उघडलं, पण तो माझ्यासमोर थांबलाच नाही. “तुज्याकडं मागनं येतो,” म्हणत गोठ्यात शिरला.

मी आणि शिवांजली पाठोपाठ गेलो. त्यानं चपला बाहेर काढल्या होत्या. रॅकसमोर उभा राहून त्यानं वरचा पहिला खण बोटभर पुढं ओढला. आत लगबग झाली, एक पांढरं नाक वर आलं. बाळगोंडानं हात जोडले.

“उत्तम क्षमा.”

खण अलगद आत सारला. दुसरा ओढला. “उत्तम क्षमा.” मग तिसरा. ज्या आवाजात तो दरवर्षी मला म्हणायचा, त्याच आवाजात. रिकाम्या खणालासुद्धा त्यानं तसंच म्हटलं, उलट तिथं जरा जास्त वेळ थांबला. शिवांजलीनं माझा दंड घट्ट धरला. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसलेही नाहीत.

सगळं झालं तसा तो वळला. गुणमालावहिनी दाराशीच होत्या, पदर नाकाला लावून. आत येणार नाहीत असंच मला वाटत होतं. त्यांनी पदर सोडला, पुढं आल्या आणि जमिनीलगतच्या खडूची फुली असलेल्या खणाकडं बोट केलं.

“आवं, त्यो बाळंतिणीचा राहिला की.”

“त्याला हात लावायचा न्हाई,” बाळगोंडा म्हणाला.

“मग न लावता म्हना,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्या आधी स्वतःच त्या खणापुढं खाली बसल्या.