चिखलापासून जपलेली गाडी

अंजूरच्या केसरीनाथने आयुष्यात दोनच गोष्टी फुलासारख्या जपल्या. एक लेक दिपाली, दुसरी जुबेर मिस्त्रीकडून घेतलेली जुनी परदेशी गाडी. पुढून घरगुती मोटार, मागे सामानासाठी छत लांबवलेलं, आणि सगळी गाडी वीतभर वर उचललेली.

"चारों चक्के खींचते हैं, काका. दलदल में डालो, हँसते हँसते निकलेगी," जुबेर म्हणाला होता. केसरीनाथ हे जगाला सांगायचा, पण डबकं दिसलं की तीन गावांचा वळसा घालायचा.

"लुगडा खोचून खाडीवर गेली, नि पाय भिजतील म्हनून काठावर बसली, तशी तुजी गाडी!" त्याची मोठी बहीण आक्का म्हणायची.

दिपालीच्या हळदीच्या दिवशी दुपारीच गोंधळ झाला. धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, गायला दिघाशीची राहीबाई यायची होती. धवलारीण आल्याशिवाय हळदीला हात लावायचा नाही, ही घरची रीत. केसरीनाथच्या हळदीलाही हीच राहीबाई गायली होती. पण पाण्याची मोठी लाईन फुटून तिच्या पाड्याचा रस्ता भातखाचरासारखा झाला होता. रिक्षा अलीकडूनच परतली. पुतण्या कुणाल मोठी जीप घेऊन पोचला खरा, पण राहीबाई जीपच्या उंच पायरीकडे बघून म्हणाली, "मी काय ताडावर चरू? गुडघं हायत का माजं?"

कुणाल रिकामाच परतला. मांडवात हळद वाटून तयार, दिपालीचं तोंड उतरलेलं.

"आता काढ तुजी अधलीमधली गाडी!" आक्का कडाडली.

चिखलाच्या कडेला केसरीनाथने सवयीने वळसा शोधला. नव्हता. उतरून खोली बघितली, घोटा बुडाला. मग कुलदेवीचं नाव घेऊन त्याने गाडी आत घातली. मागचा भाग जरा घसरला. केसरीनाथने स्टिअरिंग मुठीत आवळलं. तेवढ्यात चारी चाकांनी जमीन धरली आणि डुंबून निघालेल्या म्हशीसारखी गाडी सावकाश पलीकडे आली.

राहीबाईने सीटला हात लावून बघितला. बरोबर कमरेला! ओटीवर टेकावं तशी ती टेकली. "ही पयलीच का न्हाय आनली रं?"

केसरीनाथने गाडी वळवली. परतीच्या वाटेवर राहीबाई गळा साफ करायला गुणगुणू लागली, तेव्हा कुठे त्याने स्टिअरिंगवरची मूठ सैल केली.

मांडवापाशी गाडी थांबली ती काचांपर्यंत माखून. केसरीनाथचा हात आपोआप फडक्याकडे गेला. आक्काने ते हिसकावलं. "र्‍हाऊ दे. आज पयली हळद हिला लागली."

आतून धवला उठला. दिपालीच्या गालाला हळद लागली. केसरीनाथ पायरीवर बसून डोळे पुसत हसत राहिला. आपली एक चप्पल दिघाशीच्या चिखलात राहिली आहे, हे त्याला दुसऱ्या धवल्याला कळलं.