डाव्या चाकाचा ब्रेक

माझी बायको जाऊन दीड वर्ष होत आलं. लोक भेटले की तिच्या आजाराबद्दल विचारतात, शेवटच्या दिवसांबद्दल विचारतात, आणि मी सांगतो. जी गोष्ट मला आतून खाते ती मात्र कुणाला सांगितलेली नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, माणूस गेलं आणि हा गाडीच्या ब्रेकबद्दल काय बोलतोय.

आम्ही इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला राहायचो, मी अजूनही तिथेच असतो. मी पुण्याचा, ती नागपूरची. लग्नाआधी तिने समुद्र पाहिला नव्हता. ‘आमच्याकडे समुद्र म्हणजे फुटाळा तलाव,’ असं ती नव्या ओळखीच्या माणसांना सांगायची. या देशात आल्यावर तिला समुद्राचं वेड लागलं. हॉटेलातलं खाणं तिला दोन दिवसांवर सोसायचं नाही, म्हणून आम्ही जुनी कॅराव्हॅन घेतली, म्हणजे गाडीमागे ओढायची, स्वयंपाकाची सोय असलेली चाकांवरची खोली. दर उन्हाळ्यात ती गाडीला जोडून वेल्सच्या पश्चिम टोकाला जायचो. समुद्राच्या वरच्या अंगाला एक शेत होतं, तिथेच मुक्काम. ती सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून त्या बर्फासारख्या पाण्यात उभी राहायची आणि मी काठावर जॅकेट घालून उभा असलो की ओरडायची, पाय ओले केले म्हणून पुणेकर बुडत नाहीत.

दसऱ्याला कॅराव्हॅनची पूजा असायची. इथले लोक त्याच सुमारास कॅराव्हॅन थंडीसाठी बंद करून ठेवतात. आम्ही बंद करण्याआधी तिला सणासारखी नटवायचो. त्या वर्षी मी होज लावून ती धुतली, चाकांच्या आतपर्यंत पाणी मारलं. बायकोने कॉव्हेंट्रीच्या मैत्रिणीकडून मागवलेल्या झेंडूचा हार केला, घरापुढच्या ड्राइव्हवर छोटीशी रांगोळी काढली, चाकांखाली लिंबं ठेवली. सासूबाई व्हिडिओ कॉलवरून नारळ कुठे फोडायचा ते सांगत होत्या. आमचा ड्राइव्ह रस्त्याच्या बाजूला उतरता आहे, म्हणून पूजा झाल्यावर मी कॅराव्हॅनचा हँडब्रेक होता नव्हता तेवढा जोर लावून ओढला. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला पूर्वीच बजावलं होतं की थंडीत हँडब्रेक लावून ठेवू नकोस, आतले ब्रेक ओलसरपणाने चिकटून बसतात, चाकांना अडण लाव आणि ब्रेक सोडून दे. एक-दोन दिवसांत करू असं मनात होतं. त्याच आठवड्यात तिचे रिपोर्ट आले, आणि कॅराव्हॅन पुढचा सगळा हिवाळा तशीच उभी राहिली. वाळलेला हारसुद्धा कुणी काढला नाही.

केमोथेरपी सुरू झाल्यावर तिचं नाक बदललं. आधी फोडणीचा वास नकोसा झाला. मग साबणाचा, माझ्या शर्टाचा, नळाच्या पाण्याचा. एकदा तिला फ्रिजमधून पेट्रोलचा वास येत होता आणि मी तासभर फ्रिज रिकामा करत बसलो. नर्स म्हणाली, औषधामुळे असं होतं, खरं काही नसतं. मला त्या वाक्याचा मोठाच आधार वाटला. त्यानंतर ती वासाचं काही बोलली की मी तेच वाक्य तिला ऐकवू लागलो.

वसंतात केमोच्या दोन सायकलच्या मधे तिला एक आठवडा मोकळा मिळाला. तिने कधी काही मागितलं नव्हतं, तेव्हा मागितलं. पुढच्या सायकलनंतर अंगात त्राण राहील की नाही माहीत नाही, एकदा समुद्रात उभं राहू दे. आमची मुलगी युनिव्हर्सिटीतून सुटीला आली होती. आम्ही तिघं निघालो.

निघतानाच कॅराव्हॅन हलेना. हँडब्रेक सोडला तरी चाकं जागची हलत नव्हती. मी गाडी जरा मागे घेतली, जरा पुढे घेतली, आणि खाडकन आवाज होऊन ती सुटली. मला आनंद झाला. ब्रेक सुटले असं मी धरून चाललो. एका चाकाचे पूर्ण सुटलेच नव्हते. कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक असतात. गाडीचा वेग कमी झाला की ती मागून गाडीवर रेलते, त्या रेट्याने ते लागतात, आणि पुढे निघालं की सुटतात. डाव्या चाकाचा ब्रेक सुटत नव्हता. मोटरवेभर तो चाकाला घासत, तापत राहिला. गाडी जड ओढतेय हे मला जाणवत होतं. समोरच्या वाऱ्यामुळे असेल, असं मी धरलं.

वेल्समध्ये नेणाऱ्या पुलाच्या अलीकडे मोटरवेवरच्या एका थांब्यावर, सर्व्हिसेसला थांबलो. चहा घेऊन परत येताना बायको कॅराव्हॅनच्या डाव्या बाजूने आली आणि चाकापाशी थांबली. ओढणी नाकाला लावून म्हणाली, “अरे, काहीतरी जळून राहिलं इथे.”

एरवी मी तिच्या नागपुरी बोलण्याची चेष्टा केली असती. त्या शेताचं फाटक संध्याकाळी बंद होतं आणि आम्हाला आधीच उशीर झाला होता. मी म्हणालो, “तुला सगळ्याचाच वास येतो गं हल्ली. औषध आहे ते.”

मुलगी म्हणाली, “बाबा, तू एकदा बघ ना. आई सांगतो आहे.”

तिचं मराठी असंच आहे, आईही सांगतो आणि बाबाही सांगतो. मी तिला हसून गाडीत बसायला सांगितलं. चाक माझ्यापासून चार पावलांवर होतं. वाकायचीही गरज नव्हती, नुसता तळहात जवळ नेला असता तरी धग लागली असती. मी नेला नाही. बायकोने गाडीत बसून पट्टा लावला आणि खिडकीची काच जराशी खाली केली.

पूल ओलांडल्यावर मागची एक व्हॅन दिवे मिचकावायला लागली. मग ती आमच्या बाजूला आली आणि आतल्या माणसाने मागे बोट दाखवलं. त्या माणसाला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याचं बोट पाहिल्याबरोबर मी इंडिकेटर लावला आणि हार्ड शोल्डरवर, रस्त्याच्या कडेच्या रिकाम्या पट्ट्यात गाडी घेतली. त्याच्यावर विश्वास ठेवायला मला एक क्षणही लागला नाही.

चाकातून धूर येत होता. मी मूर्खासारखा हात लावला आणि बोटं भाजून घेतली. मोटरवेवर गाडीत बसून राहायचं नसतं, कठड्यापलीकडे जाऊन थांबायचं असतं. तो कठडा ओलांडताना बायकोला एक पाय वर उचलवेना. मुलीने आणि मी तिला जवळजवळ उचलूनच पलीकडे नेलं. पलीकडच्या गवताळ चढावर ती माझं जॅकेट अंगावर घेऊन बसली. लॉऱ्या गेल्या की वाऱ्याने तिची टोपी उडायची आणि मुलगी ती दोन्ही हातांनी दाबून धरायची.

मदतीला आलेला ब्रेकडाउन सेवेचा माणूस गप्पिष्ट होता. चाक उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, हे आता गॅरेजमध्येच जाणार. कॅराव्हॅन त्याने ट्रकवर चढवली, माझी बोटं भाजलेली पाहून आमची गाडीही मागे जोडली, आणि आम्हाला त्याच्या केबिनमध्ये बसवून घराकडे निघाला. मुक्कामाला कॅराव्हॅनच नाही म्हटल्यावर समुद्र राहिला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना तिला पुन्हा असं बाहेर काढायला डॉक्टरांनी परवानगी दिली नाही, आणि नंतर ती वेळच आली नाही.

केबिनमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मला वाटलं ती रडेल, किंवा मला बोलेल. मी माफी मागायला लागलो तर ती म्हणाली, “थांब रे. माझं नाक बरोबर होतं ना? म्हणजे सगळंच औषधाचं नव्हतं.”

तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. कितीतरी महिन्यांत मी तो पाहिला नव्हता. तिचं शरीर तिला रोज खोटं सांगत होतं, आणि त्या दिवशी एक गोष्ट खरी निघाली होती. सर्व्हिसेसच्या पार्किंगमध्ये मी चाकाजवळ हात नेऊन ‘हो गं, खरंच’ म्हणालो असतो, तर तो आनंद तिला तिथेच मिळाला असता, माझ्याकडून.

ब्रेकची गोष्ट इथे संपायला हवी होती. मीही तसंच समजलो. घरी आल्यावर मी तिची फार काळजी घेतली, निदान मला तसं वाटत होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी मी भांडी विसळत होतो. मुलगी शेजारी पुसत होती. ती म्हणाली, आईची पाठ खूप दुखतो आहे, रोज. किती दिवस, मी विचारलं. ती म्हणाली, आपण ट्रकमधून आलो त्याच्या नंतर लगेच. आईने सांगितलं होतं, बाबाला सांगू नको.

नंतरच्या तपासणीत कळलं, आजार मणक्यात गेला होता. आधी कळलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजार थांबला नसता. त्रास लवकर कमी करता आला असता. इतके आठवडे सोसावं लागलं नसतं.

त्या दुपारी मात्र मी भांडी तशीच टाकून वर खोलीत गेलो. ती कुशीवर पडून खिडकीबाहेर बघत होती. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, त्याचीही मला आता लाज वाटते.

ती रागावली नाही. वळण्याचा प्रयत्न केला, वळता आलं नाही, म्हणून तशीच पाठमोरी बोलली. “तुला सांगितलं असतं, तर आधी तुला पटवावं लागलं असतं. तेवढी ताकद नव्हती रे.”

मी पलंगाच्या कडेला बसलो. विचारलं, कुठे दुखतंय. तिने हात मागे आणून माझा हात चाचपत शोधला, आणि कमरेच्या थोडा वर नेऊन ठेवला. ती जागा गरम होती.