चपळ बोटं

करमाडजवळच्या एका वस्तीवर मी काही वर्षं बालवाडी चालवली. रोज सकाळी शहरातून एसटीने जायचे. तीन ते पाच वर्षांची पोरं. बोटं तयार झाल्याशिवाय हातात पेन्सिल द्यायची नाही, हा माझा हट्ट. त्यामुळे ओली माती मळायची, मिसळलेले मूग आणि ज्वारी वेगवेगळे करायचे, कापसातली सरकी चिमटीने काढायची, हेच आमचे उद्योग. हात बरबटले की पोरं खूश, आणि खरं सांगायचं तर मीही.

आयांना मात्र हे काही केल्या पटायचं नाही. एकीने तर एकदा दारातच मला गाठलं.

"बाई, पोरगी इथं शिकती तरी काय? मातीत खेळायला घरी अंगण हाय की."

माझा स्वभाव मुळात तापट. त्यात चार आया ऐकत उभ्या. मी तिच्या पोरीला पुढे घेतलं, तिच्यासमोर मूठभर कापूस ठेवला आणि म्हटलं, "बघा तुमच्या लेकीची बोटं! मोठ्या बाईला जमणार नाही इतक्या झटपट सरकी काढते. एक काडी राहू देत नाही. हे मी शिकवलंय."

पोरगी जेमतेम पाच वर्षांची. जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून ती भराभर सरकी काढत होती. आई बघतच राहिली. आज जिंकले मी, म्हणून मी त्या दिवशी मिरवतच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर मी तिला शोधत निघाले, तर मायलेकी दोघी कापसाच्या रानात. आईसारखीच फडक्याची ओटी बांधून पोरगी वेचत होती. झाडं तिच्या डोक्याच्या वर.

मी आईवर ओरडलेच. "एवढ्याशा लेकराला कामाला लावलंत?"

ती शांतपणे म्हणाली, "तुमीच म्हनला ना, हिची बोटं लई चपळ हायेत? म्या म्हनलं, मंग तिथं बसून काय करायचं? इथं माझ्या हाताला हात लागल."

माझीच जीभ मला भोवली होती.

तेवढ्यात पोरीने मला पाहिलं आणि ती धावत आली. ओटी उघडून म्हणाली, "बाई, बघा, एक बी काडी नाय." वाळलेल्या बोंडांनी तिची बोटं ओरबाडली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रोज मी शाबास म्हणायचे, तसं म्हणेन म्हणून. मी नुसता तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि वळले. त्याची लाज मला आजही वाटते. तिने तर तिच्या परीने सगळं नीटच केलं होतं.

त्यानंतर कुठल्याही आईला मी पोराच्या हाताचं कौतुक सांगितलं नाही. आज लई हसला, आज नाचली, असल्या कुणाच्या उपयोगी न पडणाऱ्या बातम्या तेवढ्या द्यायचे.

वेचणी संपली, उन्हं तापायला लागली, आणि आईने आपणहून पोरीला परत आणून सोडलं. मला केवढा आनंद झाला! मी सगळ्यांना ओल्या मातीचे गोळे दिले आणि म्हटलं, हवं ते करा. कुणी साप केला, कुणी बैल, एकाने तर माती शेजाऱ्याच्याच गालाला फासली. तिने एकसारख्या गोळ्या वळल्या, ओळीत मांडल्या आणि सगळ्यांच्या आधी हात पुसून उभी राहिली.

"झालं बाई," ती म्हणाली. "आता घरी जाऊ का, का अजून हाय?"