आत्यांच्या कॅलेंडरवरची फुलपाखरं

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या निम्म्या बायकांची तब्येत एका कॅलेंडरवर चालते आणि ते कॅलेंडर माझ्या बायकोच्या आत्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या निम्म्या अजून आत्यांच्या तावडीत सापडलेल्या नाहीत, एवढंच. आत्यांनी मुलींच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. वडील वैद्य होते, त्यांच्याकडून खलबत्ता आणि ठाम मतं असं दोन्ही वारशात मिळालं. निवृत्त झाल्या तेव्हा शाळा सुटली, शिकवणं काही सुटलं नाही. गल्लीतल्या तेलुगू बायका त्यांना टीचरम्मा म्हणतात. मी तोंडावर आत्या म्हणतो आणि पाठीमागे आरोग्य खातं.

आपण भेटल्यावर ‘काय, कसं काय’ म्हणतो. आत्या बाईमाणसाला तीन प्रश्न विचारतात: झोप लागते का, पोट साफ होतं का, आणि पाळी कधी आली होती. हे त्या भाजीच्या गाडीशी विचारतात, मेट्रोत विचारतात, आणि एकदा तर लग्नात स्टेजवर नवरीला आहेर देता देता तिच्या कानात विचारलं. फोटोत नवरी बोटांवर हिशेब करताना आली आहे. एकदा मी त्यांच्यासोबत बँकेत रांगेत उभा होतो. मागून खणखणीत आवाज आला, ‘पाळी कधी?’ मी अदबीनं सांगितलं, ‘यांच्यानंतर माझीच.’ आत्या माझ्या मागच्या बाईंशी बोलत होत्या. त्या बाई नंतर कित्येक दिवस मला पाहून रस्ता बदलत असत.

त्यांचं शास्त्र साधं आहे. औषधाच्या आधी रोजचं वागणं. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, अंगाला कोमट तिळाचं तेल चोळा, रात्री काशाच्या वाटीनं तळपाय घासा, आणि पाळीच्या दिवसांत दमू नका. आमच्या जुन्या घरांत ‘बाजूला बसणं’ होतं, त्यावर आत्यांचा जितका राग तितकंच प्रेम. ‘विटाळ वगैरे सगळा मूर्खपणा,’ त्या म्हणतात. ‘पण त्या निमित्तानं बाईला तीन दिवस चूल सुटायची. यांनी विटाळ काढला तो काढला, सुट्टीपण काढून घेतली.’ म्हणून त्यांनी नवीन नियम काढला: त्या दिवसांत बाईनं देवघरात खुशाल जावं, स्वयंपाकघरात मात्र नवऱ्यानं जावं. या नियमापायी मी जो उपमा केला, तो आमच्या मलकपेठच्या घरात आजही दाखला म्हणून सांगितला जातो.

मात्र माझी खरी कीर्ती झाली ती हळिवामुळे. आत्यांच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्यानं राहायची. नोकरी कुकटपल्लीला, जेवण मिळेल तेव्हा, झोप उरली तर. तिची पाळी चार-चार महिने यायची नाही आणि अंगात रक्त नव्हतं. आत्यांनी आधी तिला डॉक्टरकडे पाठवलं, तपासण्या करवल्या, मग आपला अंमल सुरू केला. रमजानचे दिवस होते. मी संध्याकाळच्या गर्दीत स्कूटरवर अडकलो असताना त्यांचा फोन आला: ‘जावईबापू, येताना पाव किलो हळीव आणा. चांगलं बघून.’ आता हळीव म्हणजे खिरीत आणि लाडवात घालतात ते लाल, बारीक बी, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आजूबाजूला हॉर्न, समोर भट्ट्या, आणि वाऱ्यावर तो वास. मला ऐकू आलं हलीम, रमजानात भट्टीवर घोटतात ते मटण-गव्हाचं. मनात आलं, आत्या अखेर हैदराबादी झाल्या. मी रांगेत उभा राहिलो. ‘पाव किलो’ म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, ‘चचा, पाव किलो में क्या होता? फॅमिली पॅक लेलो.’ घेतला.

आत्या आयुष्यात कधी अंड्यालाही शिवलेल्या नाहीत. त्यांनी डबा उघडला, वास घेतला, वरून पेरलेला तळलेला कांदा पाहिला. मी उत्साहानं म्हटलं, ‘गरम आहे तोवर द्या तिला.’

‘हे काय आहे?’

‘हलीम. तुम्हीच सांगितलंत ना?’

आत्यांनी झाकण लावलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नववीच्या वर्गातला निकाल होता. ‘जावईबापू,’ त्या म्हणाल्या, ‘रक्त वाढवायचा रस्ता तुमचापण चुकीचा नाही. पण माझ्या स्वयंपाकघरातून जात नाही तो.’ डबा वरच्या मुलीनंच आनंदानं संपवला आणि दुसऱ्या दिवशी मी हळीव आणून दिलं. ते घेताना आत्यांनी मला ‘ह, ळी, व’ असं तीनदा म्हणायला लावलं.

आता कॅलेंडर. त्यावर तारखांच्या चौकोनांत बारीक चित्रं असतात: छत्री, मासा, पान, फुलपाखरू. प्रत्येक बाईचं एक चित्र, तिच्या पाळीच्या दिवसांवर काढलेलं; नाव नाही. बायकांच्या गोष्टी भिंतीवर वाचल्या जाऊ नयेत म्हणून ही लिपी. मला तेव्हा वाटायचं, म्हातारपणी चित्रकलेचा नाद लागला असेल. एकदा मी त्यातच ‘सिलिंडर आला’ असं लिहून ठेवलं होतं. आत्यांनी ते खोडरबरानं पुसलं आणि मला तिळाचा लाडू दिला. नाराजी दाखवायची त्यांची ती पद्धत.

गेल्या वर्षी बायकोला सत्तेचाळिसावं लागलं. पंखा पाचवर, खिडक्या उघड्या, तरी तिला घाम. मधूनच चिडायची, मधूनच डोळे भरायचे. मी घरात विनोदाची जबाबदारी घेतलेला माणूस. म्हटलं, ‘तुझ्या डोक्यावर पापड भाजून घेऊ का?’ ती हसली नाही. मी तो विनोद पुन्हा सांगितला, समजला नसेल म्हणून. ती रोज सकाळी आत्यांशी फोनवर बोलायची, मी खोलीत आलो की विषय बदलायची. मला वाटलं, माझ्याच तक्रारी चालल्या असतील. माणसाला स्वतःबद्दल फार वाटतं.

एका रविवारी आत्यांकडे एकटाच गेलो होतो. त्या धणे भाजत होत्या, मी रिकामा उभा. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ‘आत्या, या महिन्यात फुलपाखरं फार झाली हो. एकवीस मोजली मी.’

आत्यांनी गॅस बंद केला. ‘ती तुमच्या घरातली आहेत.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

‘तिनं सांगू नका म्हटलंय,’ आत्या म्हणाल्या. ‘मी सांगितलं नाही. तुम्हीच मोजलंत.’

‘मग तुमचं काही औषध...’

‘याला माझं तेल नक्को आणि धणेपाणी नक्को. याला लेडी डॉक्टर लागते, उद्याच. मी रोज सांगतेय, ती म्हणते, आत्या, तुझ्या हातानंच बरं कर. भीती वाटते तिला.’ मग थांबून म्हणाल्या, ‘वहिनीचं असंच सुरू झालं होतं. सगळे म्हणाले, वयानं होतं. मीपण म्हणाले.’

वहिनी म्हणजे माझ्या बायकोची आई. त्या पन्नाशी पाहू शकल्या नाहीत, आणि गर्भाशयाचा रोग होता हे घरात नेहमी हळू आवाजात बोललं जायचं. मी घरी गेलो. बायको कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, ‘उद्या सुट्टी काढलीय मी.’ तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातला टॉवेल तसाच धरून दोरीखाली बसली.

सोनोग्राफी झाली, तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट यायला आठवडा होता. त्या आठवड्यात मी एकही विनोद केला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, ‘काहीतरी बोल, नाहीतर मी मरणारच आहे असं वाटतं.’ रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ होती, ती काढली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि झोप, चालणं, वेळेवर जेवण यांची यादी दिली. ती वाचून आत्या म्हणाल्या, ‘बाई हुशार दिसते.’

रिपोर्ट दाखवायला गेलो होतो, त्याच दिवसाची गोष्ट. चहा झाला. बायको आत्यांकडे बघत बसली होती. मग एकदम म्हणाली, ‘आत्या, तुझं हे सगळं कसं गेलं ग? तुला कोण होतं?’

आत्या हसल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न उलट त्यांनाच कोणी विचारला नसावा. ‘मला? नववी ‘ब’चा तास होता. फळ्यावर हृदयाची आकृती काढत होते. एकदम असा घाम सुटला, खडू हातातून निसटला. पोरींना वाटलं, बाई रागावल्या. वर्ग चिडीचूप.’

‘मग?’

‘मग काय. घंटा झाली.’

‘आज व्हायची नाही,’ बायको म्हणाली. ‘सांग.’

हे आपल्या कानांसाठी नाही असं समजून मी कप उचलून उठलो.

‘तुम्ही कुठं निघालात?’ आत्या म्हणाल्या. ‘बसा.’

मी बसलो. आत्यांनी पदर सारखा केला, एकदा बायकोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि जन्मभर दुसऱ्यांना बोलतं करणाऱ्या त्या बाई, पहिलं वाक्य सापडत नाही म्हणून, बराच वेळ नुसत्याच बसून राहिल्या. आम्ही थांबलो.