डबा काय म्हणतो?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी दारव्ह्याच्या चाचींचं नाव घेतो. माझ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ती पदवी चाचींच्या भाकरीवर उभी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून मी कोणाला कृतघ्न वाटेन. या बाईंनी मला जितका वैताग आणला, तितका आजवर दुसऱ्या कोणी आणलेला नाही.

कसलाही डबा हातात आला की चाची तो आधी उलटा करत, बुडावर बोटाच्या पेरानं टकटक वाजवत आणि माझ्यापुढे धरत.

"वाच बेटा. काय म्हन्ते डबा?"

त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणूनच की काय, छापलेल्या अक्षरावर त्यांचा भलता विश्वास. तोंडानं बोलणारा माणूस खोटं बोलतो, हे त्या बाजारात रोज पाहत. पण छापलेलं? "खोटं असतं तं सरकारनं छापू देलं असतं का?" याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर मला कळवा.

चाचा कापसातून सरकी काढणाऱ्या जिनात फिटर होते. घरात दोघंच. माझा बाप बोरी अरबजवळच्या तांड्यावरून बैलबंडीनं कापूस जिनात आणायचा, एवढीच ओळख. मी दारव्ह्याच्या शाळेत आलो तेव्हा चाचा बापाला म्हणाले, "मागची खोली खाली हाय. राहू दे पोराले." छप्पन साल असावं. बापानं दरवर्षी ज्वारीचं पोतं आणून टाकलं; चाचींनी ते दरवर्षी भांडून अर्धं परत पाठवलं.

चाचींबरोबर किराणा आणायला जाणं ही शिक्षा होती. बाळाच्या पावडरीचे दोन डबे त्या दुकानदाराला उजेडात धरायला लावत. घरात बाळ नव्हतं, पण शेजारणीचा माल निवडून देण्याचा मान त्यांचा.

"याचं पोरगं हसून राह्यलं, त्याचं रडकं हाय. हसरं दे."

"चाची, आत काय आहे ते तरी विचारा," मी म्हणे.

"आत चांगलं नसतं तं पोरगं हसलं असतं का?"

दुकानदारही त्यांना पुरता ओळखून होता. "चाची, हे नवीन आलं. याच्यावर पहिलवान हाय."

"पहिलवान कायले पाह्यजे मले? माह्या घरी कोन कुस्ती खेळते?" असं म्हणून बाई बाहेर पडत. आठवड्यानं तोच पहिलवान आमच्या फळीवर उभा असे.

एकदा वनस्पती तुपाच्या डब्यावर मी वाचून दाखवलं की यात डोळ्यांना उपयोगी जीवनसत्त्व आहे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोतीबिंदूच्या आजी पापण्यांवर तुपाचा लेप घेऊन ओट्यावर बसलेल्या. दिसायला काही लागलं नाही. माश्या मात्र दिवसभर हटल्या नाहीत.

"चाची, ते खायचं असतं!"

"खाल्लेलं तोंडातून डोळ्यापर्यंत जायले किती येळ लागन? म्या सरळ जाग्यावरच लावलं."



मॅट्रिकच्या वर्षी त्यांनी दुधात घालायच्या पावडरीचा एक इंग्रजी डबा आणला. वाच म्हणाल्या. मी वाचला. त्यावर मी काय वाचलं, ते खालच्या पत्रात आहे.

मॅट्रिक झालो, अमरावतीहून बी.एस्सी. झालो, राळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो. पहिल्या सुट्टीत दारव्ह्याला गेलो तर चाचा खाटेवर. पायाला जखम, दोन महिने भरत नव्हती. दवाखान्यात लघवी तपासली, साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. चाचींनी चहातली साखर, गूळ, शिरखुर्मा, सगळं कडक बंद केलं होतं, आणि ताकदीसाठी तीच पावडर दिवसातून तीनदा सुरू केली होती.

"अहो चाची, यात साखरच आहे!"

"साखर पांढरी राह्यते बेटा. हे भुरकं हाय."

"मी बी.एस्सी. झालोय!"

"मंग? त्याच्यानं साखर भुरकी झाली का?"

चाचासुद्धा दुखरा पाय धरून हसले. माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवला तशा चाची गंभीर झाल्या.

"कोन्त्याही बिमारीत चालते, असं छापेल हाय. तूच तं वाचलं. तवा खोटं वाचलं होतं का?"

एका अक्षराचं उत्तर होतं. ते मला देता आलं नाही. मी म्हणालो, "कंपनीनं आता माल बदलला असेल."

चाचींचा चेहरा उजळला. "असं म्हन ना! मंग जुना माल पाहा लागन. कळंबच्या दुकानात असन."

राळेगावला परतलो आणि त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. चाचींची पत्रं गल्लीतला पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतो आणि निम्मी गल्ली ऐकते, हे मला ठाऊक होतं.

डबा बंद झाला. चाचांची दोन बोटं गेली, पाय राहिला. पुढे चाची होत्या तोवर मी दर दिवाळीत जात असे. त्या पोटभर वाढत, आग्रह करत, माझ्या मुलांच्या अंगावरून हात फिरवत. पण डबा असो, पुडी असो, वाचायला त्या पोस्टमनला हाक मारत. मी समोर बसलेला असे.

आता चाची नाहीत. पत्र असं होतं:

"चाचा-चाचींस सलाम.

चाची, कंपनीनं माल बदललेला नाही. तुमच्या डब्यावरचं इंग्रजी मला तेव्हा अर्धंही कळलं नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होता, म्हणून मी थांबलो नाही. रक्त शुद्ध होतं, म्हाताऱ्या माणसाला झोप लागते, कोणत्याही आजारात चालते, यातलं काहीच डब्यावर नव्हतं. ते सगळं माझं. अभ्यासाची बुद्धी वाढते, हे मी मलाही एक पेला मिळावा म्हणून जोडलं. तो पेला तुम्ही मला पाच महिने दिला आणि स्वतः कोरा चहा घेतला.

आज नवा डबा घेऊन प्रत्येक शब्द कोशात पाहिला. त्यात साखर आहे असं त्यावरच छापलेलं आहे. चाचांना एक चमचाही देऊ नका. जुना नको, नवा नको.

पोस्टमनभाऊ, हात जोडून विनंती. चाची रडल्या किंवा मला शिव्या दिल्या तरी मधलं काही गाळू नका आणि त्यांना बरं वाटावं म्हणून पदरचं काही घालू नका. लिहिलं आहे तेवढंच वाचा."