ढेकूण, टाक्या आणि आबेना मॅडम

आमच्या कामात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. गच्चीवरच्या टाकीत गाळ कोण टाकतं? कोणीच नाही. तरी झाकण उघडलं की हा एवढा थर! आमची कंपनी बहारीनमध्ये मनामा शहर आणि आसपासच्या बिल्डिंगा, कामगारांचे कॅम्प सांभाळते. साफसफाई, पाण्याच्या टाक्या, पेस्ट कंट्रोल, सगळं. मी तिथे सुपरवायझर. त्यामुळे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, झिंज भागातल्या आमच्या घरी मित्र जमले की चहाच्या आधीच फर्माईश येते, "साळवी, मॅडमचं नवीन काय?"

मॅडम म्हणजे आबेना मॅडम, आमच्या हायजीन ऑफिसर. मूळच्या घानाच्या. राजधानी आक्राला चिकटून असलेल्या एका नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होत्या. नवऱ्याला इथे नोकरी लागली म्हणून बहारीनला आल्या. उंच, हसऱ्या, आणि आवाज असा की तळमजल्यावरून बोलल्या तरी गच्चीवरचा माणूस "येस मॅडम" म्हणतो!

* * *

पहिल्याच आठवड्यात हूरा भागातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये इन्स्पेक्शन होतं. आमची गाडी वळताना दिसली रे दिसली की तिथला वॉचमन रफीक जिन्यात जाऊन ओरडायचा, "कंपनी आया!" मग वर पळापळ. कचऱ्याच्या पिशव्या खाली, झाडू हातात, किचनमध्ये पाणी ओता. आम्ही पोहोचेपर्यंत सगळं चकाचक. मी रफीकला कितीदा झापलं होतं!

त्या दिवशीही तो ओरडला. मी चिडून पुढे होणार, तेवढ्यात मॅडमनी माझा दंड धरला.

"मिस्टर साळवी, आमच्याकडे पोरं ओरडायची, 'टाउन कौन्सिल आलं!' की अख्खी गल्ली झाडायला लागायची. मी काय घाण पकडायला आलेय? घाण गेली ना? बस."

आणि रफीकला म्हणाल्या, "आवाज कमी पडतोय. उद्यापासून जोरात!"

तेव्हापासून रफीक आठवड्यातून दोनदा ओरडतो. आम्ही येणार असू किंवा नसू. मॅडम सुट्टीवर घानाला गेल्या होत्या, तेव्हाही ओरडत होता!

* * *

कुठल्या फ्लॅटमध्ये किती माणसं राहतात, हे आम्हाला पाहावं लागतं. माणसं जास्त आणि संडास एकच, असं झालं की आजार आलेच.

मॅडमच्या गावी बाजारपेठेत असाच सर्व्हे होता. एका बाईला त्यांनी विचारलं, "या घरात किती जण?" बाई म्हणाली, "दिवसा की रात्री?" कारण डोक्यावर ओझी वाहणाऱ्या मुली, फेरीवाल्या, लांबून आलेले मजूर, सगळे रात्री तिच्याच ओसरीवर पथारी टाकायचे. नगरपालिकेच्या हिशेबात ती माणसं नव्हतीच! मॅडमनी साहेबांशी भांडून रात्रीची माणसं मोजायला लावली. त्यानंतर त्या गल्लीला पाण्याचा नळ आणि नवे संडास मिळाले.

हे त्यांनी मला गाडीत सांगितलं, आणि त्याच दुपारी हूराच्या एका फ्लॅटचं दार वाजवलं. डोळे चोळत एक हॉटेलचा कुक बाहेर आला. मॅडमनी विचारलं, "किती जण राहता?"

तो जांभई देत म्हणाला, "दिवसा की रात्री?"

डे शिफ्टवाले उठले की त्याच खाटांवर नाइट शिफ्टवाले झोपायचे. मी कपाळाला हात लावला. मॅडमनी मात्र त्या कुकचा हात दोन्ही हातांत धरला आणि गदागदा हलवला.

"साळवी, मला घरी आल्यासारखं वाटतंय!"

त्या बिल्डिंगमध्ये आता प्रत्येक मजल्यावर जादा बाथरूम आहे. बांधून घेताना मालकाला रोज फोन. तो शेवटी म्हणाला, "खलास मॅडम, बांधतो! पण फोन नको!"

* * *

ढेकूण. गल्फमध्ये बॅचलर राहिलेल्या माणसाला यावर निबंध लिहिता येईल. पण कबूल कोण करणार? खोलीत ढेकूण म्हणजे आपण घाणेरडे, असा समज. शिवाय फवारणी म्हणजे गाद्या बाहेर, सामान बाहेर.

एका कॅम्पमध्ये मॅडमनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. "कोणाच्या खोलीत ढेकूण आहेत?"

एकही हात वर नाही. समोरचा माणूस मान खाजवत होता, तरी नाही!

"छान," मॅडम म्हणाल्या. "मग शेजारच्या खोलीत आहेत का?"

सगळ्यांचे हात वर.

"यल्ला, चला!" मॅडम स्प्रेवाल्या पोरांना म्हणाल्या. "सगळ्यांचे शेजारी घ्या!"

* * *

सनद भागात एक म्हातारे हाजी आहेत. त्यांच्या बिल्डिंगचं काम आमच्याकडे. भाडेकरूंची मुलं सारखी पोटदुखीने आजारी पडत होती आणि आम्हाला संशय टाकीचा. पण हाजी टाकी धुवू देईनात. एक दिवस पाणी बंद, भाडेकरूंची कटकट, कशाला? "मफी मुश्किल," काही अडचण नाही, एवढंच म्हणायचे. पाणी चांगलं आहे, मफी मुश्किल.

आम्ही त्याच बिल्डिंगमध्ये खाली त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, बसलो होतो. माणूस अगत्याचा. खजूर आले, गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला, थंडगार बाटलीबंद पाणी आलं. मॅडमनी बाटली हळूच बाजूला सरकवली.

"हाजी, मला तुमच्या नळाचं पाणी द्या."

हाजींनी नोकराला खूण केली. मग नोकराने ग्लास भरून आणला. मॅडमनी तो उजेडात धरला नाही, नाक मुरडलं नाही, भाषण दिलं नाही. सरळ "बिस्मिल्ला" म्हणाल्या आणि ओठांकडे नेला. त्या स्वतः चर्चला जाणाऱ्या!

हाजी एवढ्या चपळाईने उठतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी ग्लास काढून घेतला.

"माझ्या घरात पाहुण्याला हे नाही," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "ती मुलंसुद्धा माझ्याच घरात राहतात ना?"

दुसऱ्या दिवशी टाकी उघडली. आत काय होतं ते सांगत नाही, तुम्ही चहा पिताय.

गाडीत मी विचारलं, "मॅडम, खरंच प्यायला असतात?"

"साळवी," त्या म्हणाल्या, "माझी आई मला अजून विचारते, तू म्युनिसिपालिटीत आहेस की सर्कशीत?"

* * *

आता सावंतकाकांचं सांगतो.

सावंतकाका आमचे ड्रायव्हर, कुडाळचे. बहारीनमध्ये आयुष्य गेलं, पण बोलणं अस्सल मालवणी. हूराच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की समोरच्या प्रत्येकाला उद्देशून, "सरक मेल्या!" मॅडम शेजारच्या सीटवर बसून हे रोज ऐकायच्या.

गेल्या उन्हाळ्यात काका गाडीतून उतरेनासे झाले. आधी चहाला आमच्याबरोबर यायचे, ते बंद. विचारलं तर म्हणायचे, "कुछ नहीं मॅडम, जूता लगा." शुगर आहे हे मला माहीत होतं. मॅडमना मी कधी बोललो नव्हतो, पण त्यांनी ताडलं. एकदा मी काकांना बाजूला घेतलं.

"साळवीनू, कोणाक सांगा नकात," काका म्हणाले. "कंपनीक कळला तर अनफिट म्हणतीत. व्हिसा खलास. ह्या वयात गावाक जावन करू काय?"

"निदान पाय मॅडमना दाखवा."

"बाईमाणसान माझ्या पायाक हात लावूचो? नाय जमूचा."

मी हे जसंच्या तसं मॅडमना सांगितलं. थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी आल्या. "साळवी, फूटला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" मी म्हटलं, पाय. "आणि शो मी?" दाखव. पुटपुटत बाहेर गेल्या. मी मागोमाग.

पार्किंगमध्ये ऊन असं की जमीन पोळत होती. मॅडम गाडीचं दार उघडून खाली फुटपाथच्या कडेला बसल्या. काका आत, स्टिअरिंग घट्ट धरून. मॅडमनी मान वर केली आणि गरजल्या,

"पाय दाखव मेल्या!"

'मेल्या' मी शिकवलं नव्हतं!

काका आधी हसले. असे हसले की स्टिअरिंगवर डोकं टेकलं. डोकं वर आलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांनी स्वतःच बूट काढला. मोजा जखमेला चिकटला होता. मॅडमनी बाटलीतलं पाणी ओतून, फुंकर घालत तो सोडवला, आणि तशाच त्यांना हॉस्पिटलला घेऊन गेल्या.

करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता.

आता मॅनेजरना सांगणं भाग होतं. आमचे मॅनेजर अबू खलील म्हणजे पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा थोब, तो लांब अरबी झगा, आणि बोलणं अगदी मोजकं. मॅडमनी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत एवढंच म्हणाले, "इंशाल्ला." आता या इंशाल्लाचा अर्थ काय घ्यायचा? मी घाबरलो होतो. पण नवा ड्रायव्हर काही आला नाही. काका बरे होईपर्यंत गाडी तशीच उभी होती आणि आम्ही मॅडमच्या छोट्या कारमध्ये, स्प्रेचे कॅन मांडीवर घेऊन फिरत होतो.

काका परत कामावर आले त्याच आठवड्यात मॅडमनी कॅम्पमध्ये पाय तपासायचा कार्यक्रम ठेवला. क्लिनिकची नर्स बोलावली, टेबल मांडलं. अंगणात माणसंच माणसं, पण टेबलाजवळ कोणी येईना, अनफिट ठरलो तर म्हणून. काकांनी खुर्ची ओढली, चप्पल काढली, उघडा पाय स्टुलावर ठेवला.

"उंगली छुपाया, गया," ते सगळ्यांना म्हणाले. "पैर दिखाया, बच गया."

तरीही सगळे खाली बघत उभे. मग मागच्या बाजूला हालचाल झाली, माणसं बाजूला सरकली आणि टेबलासमोर पहिला माणूस येऊन उभा राहिला.

अबू खलील. थोब पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. दोन्ही चपला हातात.