खाप्याची वहिनी

आमच्या गल्लीत सुनेला नाव नसतं, गाव असतं. मी कन्हानहून आले, म्हणून कन्हानवाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी माझं खरं नाव कोणी विचारलं तर शेजारच्यांना रेशनकार्डच बघावं लागेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. नाव नसलेल्या माणसाकडे लोकांचं लक्ष कमी जातं, आणि माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

थंडीत महालातल्या, म्हणजे आमच्या या जुन्या वस्तीतल्या, घरांमध्ये ऊन येत नाही. घरं एकमेकांना इतकी टेकून उभी आहेत की उन्हालाही आडवं होऊन शिरावं लागतं. म्हणून दुपारी आम्ही बायका आत्यांच्या गच्चीवर जमतो. या आत्या सगळ्या गल्लीच्याच आत्या. गच्ची त्यांची, त्यामुळे उन्हाचे मालकही त्याच. तुरीच्या शेंगा घेऊन जायचं, सोले काढत बसायचं आणि घरची एखादी बातमी सांगायची. बातमी हेच गच्चीचं भाडं. जिच्याकडे बातमी नाही तिला हळूहळू टाकीच्या सावलीत सरकावं लागतं.

माझ्याकडे बातमीच नव्हती. सासू राहिली नाही, नवरा शांत, मुलगा पुण्याला. नवऱ्याबद्दल काही सांगावं तर संध्याकाळपर्यंत ते फोडणी घालून त्यांच्याच ताटात येणार. दोन वर्षं मी टाकीच्या सावलीत काढली. या थंडीत मात्र गुडघे धरायला लागले, आणि गुडघ्यांपुढे मी हरले.

एका दुपारी मी म्हटलं, "माझ्या मामेभावाची बायको खाप्याला माहेरी निघून आली."

मला मामेभाऊ नाही. मामाच नाही. पण माझ्या माहेरी कोण कोण आहे हे माझ्या नवऱ्याने कधी विचारलं नाही, तेव्हा त्या बाजूने धोका नव्हता.

"काहून आली?" आत्यांनी विचारलं, आणि पायाने स्वतःच्या शेजारची जागा मोकळी केली. उन्हातली.

तेव्हापासून मी रोज वहिनी रचत गेले. रात्री मनात थोडी, सकाळी पोळ्या लाटताना थोडी. लिहिण्याची मला खोड आहेच. चौथीपर्यंत शाळेने जेवढं दिलं तेवढ्यावर मी कागद काळे करते आणि कोणाला दाखवत नाही. पण कागद कधी "मंग?" म्हणत नाही. गच्ची म्हणायची. वहिनी उपाशी झोपली असं मी सांगितलं त्या दिवशी कोणाच्या घशाखाली चहा उतरला नाही. त्याच दिवशी धुणंभांडीवाली ताप आला म्हणून आली नव्हती, तिच्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं की ती नाटकं करते. तेव्हा मला कळलं, लोकांना दया येते, पण दुःख नीट रचलेलं लागतं.

सगळ्यांच्या आवडीचा भाग म्हणजे वहिनी घर सोडते तो. भर बाजाराच्या दिवशी ती डोक्यावर शिलाई मशीन घेऊन निघते. मागून नवरा ओरडत येतो, "मीठ कोणत्या डब्यात आहे ते तरी सांगून जा!" आणि वहिनी मागे वळून पाहत नाही. हा भाग आत्यांनी मला इतक्या वेळा सांगायला लावला की पुढेपुढे त्याच मला दुरुस्त करायच्या. "बटाट्यावाला राह्यला," म्हणायच्या. बटाटेवाला त्यांनीच घातलेला होता.

आमच्या समोर एक ताई राहतात. त्यांचा भाऊ मिक्सर, पंखे दुरुस्त करतो. बायको गेल्यापासून तो मिक्सरशी जेवढं बोलतो तेवढंही माणसांशी बोलत नाही. ताईंना एकच घोर, आपल्यामागे याला वाढणारं कोणी नाही. कांदा आणायला गेल्या तरी त्या स्थळ बघून यायच्या.

संक्रांतीच्या सुमारास त्या माझ्या दारात आल्या. नवं लुगडं, डोळ्यांत चमक.

"काहून वं कन्हानवाली, इतकी चांगली बाई अन् तू आतापर्यंत मले सांगितलं नाही? सोडचिठ्ठी झाली ना तिची?"

ती मीच मागच्या आठवड्यात करून दिली होती. गच्चीचा आग्रह होता.

"भाऊले सांगितलं मी," ताई म्हणाल्या. "काही बोलला नाही, पण दाढी करून आला. तीन वर्षांत पह्यल्यांदा. उद्या आम्ही खाप्याले जाऊन राहिलो."

रिकाम्या हाताने परत आलेल्या ताईंचा चेहरा मला दिसायला लागला. गच्चीचं जाऊ द्या, पण त्या दाढीचं काय? मी सगळी हिंमत गोळा केली.

"ताई, तशी बाई नाही हो. मी मनानं रचली ती."

ताई पदर तोंडाला लावून हसल्या.

"तू? तुले भाजीवाल्याले भाव विचारता येत नाही, अन् तू अख्खी बाई रचशील? भावजयीले दुसरं घर मिळू द्यायचं नाही, म्हणून असं बोलून राहिली. इतकं जळू नये वं."

जन्मात एकदा मी स्वतःला लेखिका म्हणवून घेतलं, आणि त्यावर हा अभिप्राय. मला दुसऱ्या दिवसाची भीती वाटत होती हे खरं, पण त्या रात्री झोप उडाली ती रागाने.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले नाही. संध्याकाळी ताई सरळ माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या.

"भेटली," म्हणाल्या.

"कोण?"

"तुयी वहिनी! नवरा सोडून आलेली, ब्लाउज शिवते, असं बसस्टँडवर विचारलं. पानठेलेवाल्यानं घर दाखवलं. तू सांगितली तशीच आहे. फक्त उंची कमी."

मी पोळी तव्यावर विसरले. मला वाटलं होतं मी एक बाई निर्माण केली. खाप्याच्या पानठेल्यावर ती आधीपासून माहीत होती.

"तुयं नाव काढलं तर म्हणे, महालातली कोणी कन्हानवाली मले माहीत नाही," ताई म्हणाल्या. "मानी आहे बाई. सासरकडचं नातंच तोडून टाकलं."

होकार कसा मिळाला, तेही त्यांनी सांगितलं. ताई तास दीड तास बोलत होत्या, तिकडून उत्तर नाही. भाऊ मात्र तिच्या मशीनजवळ जाऊन बसला, पट्टा काढला, तेल घातलं, काहीतरी आवळलं आणि एक शब्द न बोलता पुन्हा जागेवर आला. तिने मशीन चालवून पाहिलं आणि हो म्हणाली. हे मला सुचलं नसतं. माझ्या गोष्टीतला नवरदेव नक्कीच भाषण करत बसला असता.

लग्न देवळात झालं. मी डोकं दुखतं म्हणून घरी राहिले. पण नवी नवरी किती दिवस चुकवणार? सोल्यांचा हंगाम संपत आला असताना ताई तिला गच्चीवर घेऊन आल्या. गल्लीने तिला खाप्यावाली करून टाकलंच होतं. ती माझ्यासमोर बसली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहतात तसं. माझी नखं शेंगेत रुतली. हिने आता तोंड उघडलं की ताईंच्या घरातला आनंद आणि माझी उन्हातली जागा, दोन्हींचं काही खरं नव्हतं.

आत्या तिच्याकडे सरकल्या. "मशीन डोक्यावर घेऊन निघाली तेव्हा मान नाही का दुखली वं?"

"मशीन?" ती म्हणाली. "नाही जी. मशीन तर मी मंग घेतली. मी एक पिशवी घेऊन निघाली होती. सकाळी सकाळी. कोणी पाह्यलं पण नाही."

गच्ची एकदम थंड झाली.

"तुले आठवत नसेल," आत्या नाराजीने म्हणाल्या. "अशा वेळी माणसाले सुधरत नाही. कन्हानवाली, तू सांग."

मी मान खाली घातली आणि सांगितलं. बाजाराचा दिवस सांगितला, डोक्यावरचं मशीन सांगितलं, बटाटेवाला सांगितला. मिठाचा डबा आला तेव्हा समोरची शेंगांची करकर थांबली. मी वर पाहिलं. तिच्या मुठीतली शेंग तशीच होती.

"मंग?" ती मला म्हणाली. "मी मागं वळून पाह्यलं का?"

मी उत्तर द्यायच्या आत सगळी गच्ची ओरडली, "नाही!" सगळ्यांत मोठा आवाज ताईंचा होता.

तिने शेंग फोडली, सोले ताटात टाकले आणि थोडी सरकून माझ्या बाजूला उन्हात आली.

"बरं केलं," म्हणाली.